ओझं तळपायाला कळतं

उतार संपून रस्ता सपाट होतो तिथे मी थांबले होते. सायकलला मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे ओढगाडीत, पुस्तकांची खोकी होती आणि त्यांच्यावरून आवळलेले पट्टे सैल झालेत का, हे मी बोटानं दाबून बघत होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. मी उतरत होते तेव्हापासून ती बघत असावी. "ताई, उतारावर तर सायकल आपोआप जाते. मग तुम्ही पाय का मारत होता?" मी तिला सांगितलं की ही फिक्स्ड गिअरची सायकल आहे, पाय न मारता चाक फिरू देणारं फ्रीव्हील हिला नाही, मागचं चाक फिरलं की पायडल फिरणारच. तिनं चेनकडे, मग ट्रेलरकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे खाली येताना तुम्ही सायकलला नेत नव्हता, सायकल तुम्हाला नेत होती?" मी म्हणाले, "दोन्ही." तिला ते पटलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ती गेली. मलाही ते उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं. प्रश्न बरोबर होता आणि तो पुढे कितीतरी दिवस माझ्यासोबत फिरत राहिला.

फिक्स्ड गिअरवर मी वर्षानुवर्षं फिरत आले आहे, पण मागे ट्रेलर जोडल्यावर ही सायकल जी भाषा बोलायला लागते ती मला एकट्या सायकलवर कधी ऐकू आली नव्हती. पायडलवरचा जोर काही सलग नसतो. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आडवा असतो तेव्हा पाय पूर्ण ताकदीनं खाली जातो, क्रँक उभा झाला की तो जोर जवळजवळ नाहीसा होतो. नुसत्या सायकलवर हा फरक जाणवत नाही. मागे चाळीस किलो असले आणि हिचच्या, म्हणजे ट्रेलर सायकलला जोडणाऱ्या भागाच्या, सांध्यात किंचित जरी ढिलेपणा असला, तर प्रत्येक फेऱ्यात ट्रेलर दोनदा ताणला जातो आणि दोनदा सैल पडतो. फ्रीव्हीलच्या सायकलवर यातला सैल पडण्याचा भाग पायापर्यंत पोचतच नाही. इथे तो पोचतो. पाय वर येत असताना मागून कोणीतरी हळूच ढकलल्यासारखं तळव्याला कळतं. खोकी घट्ट बसलेली असतील तर हा धक्का कोरडा आणि एकसारखा असतो. अर्धवट भरलेले पाण्याचे कॅन असतील तर तो उशिरा येतो, लांबतो, आणि ब्रेक लावून वेग उतरल्यावरही एकदा पुन्हा येतो, कारण आतलं पाणी अजून पुढे निघालेलं असतं. कॅन काठोकाठ भरलेला तरी असावा किंवा रिकामा तरी, हे मी कुठे वाचलं नाही. ते मला पायांनी सांगितलं.

हे कळणं मला फार आवडतं, आणि याच आवडीची मला काळजीही वाटते.

कारण ओझं कळणं आणि ओझं ताब्यात असणं यात अंतर आहे, आणि फिक्स्ड गिअर हे अंतर झाकून टाकते. पाय मागे रेटले की वेग कमी होतो, इतकं थेट की आपल्याला वाटतं सगळं आपल्या मांड्यांच्या हातात आहे. हिशोब करून पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, ट्रेलर आणि सामान मिळून ४०. ताशी २० किलोमीटरला नुसत्या सायकलची गतिज ऊर्जा साधारण १,३०० ज्यूल असते. ट्रेलरसकट ती १,९०० च्या वर जाते. वेग ३० वर गेला की ४,३०० ज्यूलच्या पुढे, म्हणजे दीडपट वेगाला सव्वादोन पट ऊर्जा. आता पाच टक्क्यांचा उतार घ्या, जो डोळ्यांना फारसा भरतही नाही. तिथे एकटा ट्रेलर मागून दोन किलोच्या जोरानं सतत ढकलत असतो, आणि सगळं मिळून सहा किलोंहून थोडा जास्त जोर पुढे खेचत असतो. हवेचा आणि टायरचा विरोध वजा केला, तरी ताशी २० चा वेग नुसत्या पायांनी धरून ठेवायचा तर सुमारे २०० वॉट पायांना गिळावे लागतात. चढावर २०० वॉट लावताना श्वास फुलतो म्हणून आपण भानावर असतो. उतारावर श्वास फुलत नाही, वारा तोंडावर येत असतो, आणि मांड्या मात्र निमूटपणे भरून येत असतात.

शिवाय पायांचा हा ब्रेक मागच्या एकाच चाकावर चालतो. वेग कमी करताना वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, आणि हलकं झालेलं चाक रस्त्याला धरून ठेवू शकत नाही. नुसत्या सायकललाही हे लागू आहे. ट्रेलर असला की त्यात दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे तेवढ्याच पकडीत जास्त वजन थांबवायचं असतं, त्यामुळे थांबायला जागा जास्त लागते. दुसरी गोष्ट हिचच्या उंचीची. ट्रेलर पुढे रेटतो तो हिचच्या ठिकाणी. हिच सीटच्या खांबाला असली तर तो रेटा उंचावरून लागतो आणि मागचं चाक आणखी उचलू पाहतो. मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ, म्हणजे आसाजवळ, असली तर तोच रेटा खालून लागतो आणि त्याची ती उचल निम्म्याहून कमी होते. म्हणून ॲक्सलच्या हिचबद्दल मी आग्रही आहे. आणि फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल, चालवणाऱ्यांना ज्याचा अभिमान असतो, ते चाक लॉक करून घसरत थांबणं, ते ट्रेलर जोडलेला असताना करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड उरत नाही. सायकल ट्रेलरच्या सरळ रेषेत नसली तर मागचा रेटा सायकलचं बूड बाजूला फेकतो, आणि सायकल-ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे मिटायला लागतात. वळणावर तर हे निमिषात होतं. वेग वळणाच्या आधी, सरळ रेषेत असतानाच उतरवायचा, आणि तो हाताच्या ब्रेकनं.

हाताचा ब्रेक म्हटलं की काहींना वाईट वाटतं, जणू सायकलचा शुद्धपणा बाटला. मला हा शुद्धपणा वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, समजतो. तिथे सगळे एकाच दिशेनं जातात, कोणाच्याच सायकलला ब्रेक नसतो, आणि एखाद्यानं अचानक ब्रेक लावला तर मागचे त्याच्यावर आदळतील, म्हणून ब्रेक नसणं हीच तिथली सुरक्षितता आहे. रस्त्याचं तसं नाही. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनी फिक्स्ड चाकाला एक ब्रेक मानलं, पण पुढच्या चाकाला वेगळा ब्रेक हवाच असं सांगितलं, आणि ते नियम बिनओझ्याच्या सायकललाही लागू आहेत. ट्रेलर ओढायचा तर मी त्याही पुढे जाईन: पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक हवेत. लांब उतारावर एकाच रिमला सगळी उष्णता घ्यायला लावली तर रिम इतकी तापते की टायर-ट्यूबवर त्याचा परिणाम होतो. दोन ब्रेक आळीपाळीनं वापरले तर दोन्ही रिमना निवायला सवड मिळते. ट्रॅकच्या पुष्कळ फ्रेमना मागच्या ब्रेकसाठी भोकच नसतं. अशा फ्रेमनं सपाट रस्त्यावर हलकं सामान न्यावं, उताराच्या वाटेला जाऊ नये. रोव्हर नावाची १८८५ ची सेफ्टी सायकल, म्हणजे आजच्या सायकलीची पूर्वज, फिक्स्डच होती. त्याआधीच्या मोठ्या चाकाच्या सायकलींवर तर उतारावर स्वार पाय हँडलवर टाकून पायडलांना मोकळं फिरू देत. एकोणिसावं शतक संपता संपता फ्रीव्हील रुळलं, आणि उतारावर पायांना पहिल्यांदा आराम मिळाला. मी तो आराम आपणहून नाकारते आहे, तर त्याची भरपाई कुठेतरी करायला हवी, आणि ती बोटांखालच्या ब्रेकच्या दांड्यांनीच होते.

माझी सायकल ज्या मेकॅनिक काकांनी जुळवली ते फार बोलत नसत. मागचं चाक मांडीवर घेऊन त्यांनी कॉगचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, आटे दाखवले, मग तो जागी धरणाऱ्या लॉकरिंगचे उलटे आटे दाखवले आणि म्हणाले, "बाई, पुढे पाय मारलास की कॉग आवळतो. मागे रेटलास की सुटायला बघतो. तो सुटायला लागला की ही रिंग उलट्या आट्यांमुळे आणखी आवळते. हिला कधी विसरू नकोस." मी ट्रेलर लावणार आहे हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. पण ओझं वाढलं की मागे रेटण्याचा जोर वाढतो आणि त्या रिंगवरचा भार वाढतो, म्हणून त्यांचं वाक्य मला आता जास्त लागू पडतं. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर कॉग पिळून, लॉकरिंगशिवाय चालवणारे लोक आहेत. ते रिकाम्या सायकलवरही धोक्याचं आहे आणि ट्रेलरसकट तर भयंकर, कारण कॉग सुटला की ज्या क्षणी पाय मागे रेटतात नेमक्या त्याच क्षणी चाक आपलं राहत नाही.

त्या काकांच्या हाताखाली बसून ॲक्सलबद्दलही जे पाहिलं ते आता उपयोगी पडतं. फिक्स्ड गिअरचं मागचं चाक आडव्या खाचेत बसतं आणि चेनचा ताण चाक पुढे-मागे सरकवूनच ठरतो. चेन नेहमी उजव्या टोकाला पुढे ओढते. हिचची पट्टी बसते डाव्या टोकाला, आणि ट्रेलर त्या टोकाला मागे ओढतो. म्हणजे चढावर दोन्ही जोर चाकाला एकाच दिशेनं पिळत असतात. नट थोडा जरी कमी आवळलेला असेल तर चाक तिरकं होतं, टायर फ्रेमला घासतो, चेन सैल पडते. साध्या सायकलवर चेन पडली तर हात काळे होतात. इथे पडलेली चेन कॉगमध्ये अडकून चाक जागच्या जागी जाम करू शकते, आणि नाही अडकली तरी पायांचा ब्रेक त्या क्षणी संपतो. म्हणून दोन्ही बाजूंना चाक खाचेत सरकू न देणारे चेन-टग लावावेत, नट साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटरनं आवळावेत, आणि हिचची पट्टी मध्ये आल्यावरही नटाचे सगळे आटे ॲक्सलवर बसतात का हे डोळ्यांनी बघावं. पट्टीची जाडी काही मिलिमीटरच असते, पण ॲक्सलचं बाहेर आलेलं टोकही काही मिलिमीटरच असतं. पुरत नसेल तर लांब ॲक्सल घालावा. हिचसोबत येणारा सुरक्षा-पट्टा फ्रेमच्या नळीभोवती घ्यायलाच हवा. पिन निसटली तर ट्रेलर वाटेल तिकडे जात नाही, त्या पट्ट्यावर लटकून मागे येत राहतो.

गिअरबद्दल लोक मला विचारतात आणि मी थोडी घुटमळते, कारण इथे सगळं काही एकदम मिळत नाही. ४८ दातांचं पुढचं चक्र आणि १७ चा मागचा कॉग असला तर पायाच्या एका फेऱ्यात सायकल सहा मीटरच्या आसपास जाते. ४२ आणि १८ ला ती पाच मीटरला थोडी कमी पडते. ओझं हलवायला दुसरा गिअर कितीतरी सुसह्य आहे, सिग्नलवरून निघताना गुडघ्यात होणारा फरक लगेच कळतो. पण उतारावर हाच गिअर पायांना पळवतो. ताशी ३५ च्या वेगाला ४८-१७ वर मिनिटाला ९८ फेरे होतात, ४२-१८ वर जवळजवळ १२०. इतक्या वेगानं फिरणाऱ्या पायांना मागे रेटायला जमत नाही, ते नुसते मागे मागे धावतात, आणि पायडलवरून पाय सुटला तर तो पुन्हा ठेवता येत नाही. मी हलका गिअर निवडला आणि त्याबरोबर उतारावरच्या वेगाची मर्यादाही स्वीकारली. उतार सुरू व्हायच्या आधीच वेग खाली आणायचा. एकदा पाय पळायला लागले की उशीर झालेला असतो. पाय पायडलला धरून ठेवणारे पट्टे मात्र गिअर कुठलाही असला तरी हवेतच.

सगळ्यात बारीक गोष्ट थांबण्याची. फिक्स्ड गिअर चालवणारे थांबल्यावर मागचं चाक जरासं उचलून पायडल हव्या त्या जागी आणतात, हात आपोआप तसे जातात. ट्रेलर जोडला की ते चाक सहज उचललं जात नाही, हिचचं वजन त्यावर असतं. पायडल चुकीच्या जागी राहिलं तर भरलेला ट्रेलर क्रँकच्या सगळ्यात दुबळ्या कोनातून हलवावा लागतो, मागे गाड्यांचे हॉर्न वाजत असताना. त्यामुळे थांबण्याची शेवटची काही फुटं आता मी पायांकडे लक्ष देऊन घालवते. उजवा पाय पुढे आणि आडव्याच्या थोडा वर असताना चाक थांबलं पाहिजे. हे जमायला लागलं तेव्हा मला जो आनंद झाला तो कोणाला समजावून सांगता येत नाही. जागेवर पुढे-मागे करत तोल सांभाळत उभं राहणं मात्र मी ट्रेलरसोबत सोडून दिलं आहे. मागे गेलं की ट्रेलर हँडलच्या उलट दिशेला वळतो, आणि ती करामत भर चौकात करायची नसते. पाय खाली टेकवण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

सामान भरतानाही पायांचा विचार आधी येतो. जड वस्तू खाली, आणि ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, दांडा वर उचलू पाहतो, आणि सायकलचं मागचं चाक हलकं पडतं, म्हणजे जिथे ब्रेकला पकड हवी तिथूनच ती जाते. फार धुरजड केली, म्हणजे पुढे जास्त ओझं टाकलं, तर ॲक्सल आणि हिच दोन्ही कण्हतात. मग रस्त्याचं गणित बदलतं. सायकलची दोन्ही चाकं एका रेषेत असतात, ट्रेलरची दोन चाकं त्या रेषेच्या दोन बाजूंना. जो खड्डा मी हुशारीनं डावीकडे सोडते तो ट्रेलरचं डावं चाक बरोब्बर पकडतं. वळताना आतलं चाक माझ्यापेक्षा आतून जातं आणि फुटपाथच्या कडेवर चढतं. दोनचाकी ट्रेलर सायकलबरोबर कलत नाही, त्यामुळे एक चाक वेगात कडेवर चढलं तर तो उलटतो. वळण मोठं घ्यावं लागतं आणि मंद घ्यावं लागतं. त्याचा एक फायदा असा की मंद वळणावर सायकल फारशी कलत नाही, आणि न थांबणारं आतलं पायडल जमिनीला घासण्याची फिक्स्डवरची नेहमीची भीती तेवढी कमी होते.

त्या मुलीचा प्रश्न मला सुटला तो दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यातून. चढ चढून आलेल्या मांड्या त्याच संध्याकाळी थकतात आणि झोपेनं बऱ्या होतात. उतारावर ओझं अडवून आलेल्या मांड्या त्या दिवशी काहीच बोलत नाहीत. त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिन्यावर दुखतात. स्नायू आखडता आखडता जोर लावतो तेव्हा तो ओढत असतो. ताणला जात असताना जोर लावतो तेव्हा तो अडवत असतो, आणि हे अडवणंच त्याला जास्त इजा करतं, दुखणंही उशिरा येतं. म्हणजे खाली येताना मी नेत नव्हते आणि नेलीही जात नव्हते. मी अडवत होते. तिला मी हे सांगायला हवं होतं असं वाटतं. आणि हेही, की अडवण्याचं काम पायांवर सोपवायचं नसतं. पायांनी बातमी द्यावी, काम ब्रेकनी करावं. उतारावर माझी बोटं आता आधी जातात आणि पाय फक्त ऐकत राहतात: ट्रेलर सरळ येतोय का, धक्का वाढतोय का, पाणी हललं का.

कोणी नवीन माणूस मला विचारतो की फिक्सीला ट्रेलर लावू का, तेव्हा मी सरळ सांगते की गिअरची, फ्रीव्हीलची, चांगल्या ब्रेकची सायकल या कामाला जास्त योग्य आहे. हे खरं आहे. ज्याच्या वाटेवर मोठे उतार आहेत त्यानं तर हा नाद करूच नये. तरी मी स्वतः हीच सायकल जोडते, कारण माझी वाट बहुतेक सपाट आहे, आणि मागच्या ओझ्याशी असा सतत संपर्क मला दुसऱ्या कुठल्याही सायकलनं दिलेला नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच वेळी खऱ्या आहेत. मी त्यांची तडजोड लावायचा प्रयत्न सोडला आहे.

तडजोड करते ती वजनाशी. बॉब यॅकसारखा एकचाकी ट्रेलर ३२ किलोंपर्यंत सामान घेतो, बर्ली कंपनीचे दोनचाकी ४५ पर्यंत. हे आकडे ट्रेलरचे आहेत. सायकलच्या पायांचे आणि ब्रेकचे आकडे त्यावर लिहिलेले नसतात. खूप जड सामानाच्या काही ट्रेलरना स्वतःचे ब्रेक असतात, दांडा मागून आत रेटला गेला की ते लागतात, आणि पाय मागे रेटून वेग कमी केला तरी लागतात. असा ट्रेलर माझ्याकडे नाही. म्हणून ट्रेलरवर जो आकडा लिहिलाय त्याच्या बराच अलीकडे मी थांबते, पाऊस असेल तर आणखी अलीकडे. खोकी भरून देणारे म्हणतात, "अहो, अजून दोन बसतील की, जागा आहे." जागा असतेच. ती दोन खोकी मी दुसऱ्या फेरीला नेते.